ताटली परातीएवढी, घास लिंबाएवढा

प्रश्न : थोरल्या मुलीला पहिला पगार झाला, म्हणून ती आम्हाला मुंबईतल्या एका 'मॉडर्न इंडियन' रेस्टॉरंटमध्ये घेऊन गेली. निवडायला काही नव्हतंच. माणशी चार हजार रुपये, आणि येईल ते खायचं. अकरा वेळा ताटल्या आल्या. ताटली परातीएवढी आणि तिच्यात घास लिंबाएवढा! एकदा चमच्यात दह्याची गोळी आली, ती तोंडात फटकन फुटली. एकदा ग्लासातून धूर यायला लागला, तेव्हा माझे सासरे (वय ८१) म्हणाले, "आरती आहे का आता?" पुढे वांग्याचा एक प्रकार त्यांना फार आवडला. त्यांनी वेटरला सांगितलं, "जरा आणखी वाढा." तो बिचारा गोंधळून आत गेला, तो परत आलाच नाही. घरी जाऊन पोहे टाकावे लागणार असं मी धरून चालले होते, पण घरी पोचल्यावर कुणालाच भूक नव्हती! ही काय भानगड आहे? एवढंसं का वाढतात, एवढे पैसे कसले घेतात, आणि याला भारतीय जेवण का म्हणायचं? शिवाय मुलगी म्हणते की असल्या रेस्टॉरंटांना एक टायरची कंपनी तारे देते. ती थट्टा करते आहे का?
— एक वाचक, डोंबिवली

उत्तर : मुलगी थट्टा करत नाही, आणि पोह्यांची गरज पडली नाही यातही जादू नाही. एकेक गाठ सोडवू. सासऱ्यांची मात्र शेवटी घेतो, कारण तुमच्या पत्रातला सगळ्यात अवघड प्रश्न त्यांनी विचारला आहे.

आधी पोट कसं भरलं ते पाहू. अकरा ताटल्या आणि प्रत्येकीत सरासरी पन्नास ग्रॅम धरले, तरी साडेपाचशे ग्रॅम होतात. घरी दोन पोळ्या, वाटीभर भाजी, वाटीभर आमटी आणि मूदभर भात खाल्ला तर वजन त्याच्याच आसपास जातं. म्हणजे अन्न कमी नव्हतं, ते हप्त्याहप्त्याने आलं. त्यात पोट भरल्याची वर्दी मेंदूपर्यंत नीट पोचायला साधारण वीस मिनिटं लागतात. घरी आपण तेवढ्यात जेवून उठतो, म्हणून वर्दी पोचेपर्यंत एखादी पोळी जास्त गेलेली असते. तुम्ही तिथे दोन-अडीच तास बसलात. वर्दी वेळेवर पोचली आणि भूक मुकाट्याने बसली.

मग डोळ्यांना ते एवढंसं का दिसलं? त्याचं कारण ताटली. मोठ्या वर्तुळात ठेवलेलं छोटं वर्तुळ आहे त्याहून लहान वाटतं. बेल्जियमच्या देलबफ नावाच्या शास्त्रज्ञाने १८६५ मध्ये हा दृष्टिभ्रम मांडला, आणि आज तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. तीच वांग्याची फोड घरच्या बशीत ठेवली असती तर तुम्ही "बरीच आहे की" म्हणाला असता. रुंद काठ निव्वळ दिखाऊ असतो असंही नाही. वाढणाऱ्याचा अंगठा अन्नाला लागत नाही, आणि रस्सा टेबलापर्यंत येताना हिंदकळला तरी काठावरून सांडत नाही. शिवाय मोकळ्या जागेत नजर बरोबर घासावर जाते. सारवलेल्या अंगणात एकच छोटी रांगोळी उठून दिसते, तसं.

आता घास लहानच का, ते. आपल्या जिभेचा एक स्वभाव आहे. कोणत्याही चवीचे पहिले तीन-चार घास सगळ्यात गोड लागतात. पुढे तीच चव येत राहिली की जीभ कंटाळते, आणि दुसरं काही आलं की पुन्हा तरतरीत होते. पोट तुडुंब भरल्यावरही जिलबीला जागा निघते, ती यामुळेच. हा शोध आपल्या आज्यांनी कुठलाही प्रयोग न करता लावला होता. ताटाची डावी बाजू त्याचसाठी असते. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर, लोणचं! भाजीचा कंटाळा यायच्या आत बोट चटणीला लागतं आणि पुढची भाजी पुन्हा नव्याने लागते. ताट हा कंटाळा जागा बदलून घालवतं, तर टेस्टिंग मेन्यू, म्हणजे तुम्ही खाल्ली तशी ठरलेल्या छोट्या ताटल्यांची रांग, तोच कंटाळा वेळ बदलून घालवतो. तीन घास झाले, कंटाळा यायच्या बेतात आहे, तोच ताटली उचलली जाते. तुमच्या ताटातल्या अकरा वाट्या कुणी तरी उचलून एका रांगेत उभ्या केल्या, एवढंच घडलेलं आहे.

यावर तुम्ही म्हणाल की आपल्याकडे सगळं एकदम वाढतात, एकामागून एक आणणं ही साहेबाची पद्धत. इथे दोन गैरसमज आहेत. लग्नाची पंगत आठवून पाहा. पहिला भात साधा वरण-तुपाचा, मधला मसालेभात, आणि शेवटचा ताकाचा किंवा दह्याचा. पक्वान्नाचा आग्रह मधल्या आणि शेवटच्या भाताच्या दरम्यान. एखाद्याने सुरुवातीलाच ताकभात मागितला तर यजमान घाबरून विचारतो, "काय हो, बरं वाटत नाही का?" म्हणजे आपल्याकडे क्रम होता आणि तो चांगला कडक होता. केळीचं पान सगळं एकदम दाखवत असलं तरी जेवण भाताच्या तीन टप्प्यांनी पुढे सरकायचं.

दुसरा गैरसमज साहेबाबद्दलचा. युरोपातल्या श्रीमंत घरांमध्येही अनेक पदार्थ एकाच वेळी टेबलावर मांडून ठेवायची रीत होती, तिला फ्रेंच पद्धत म्हणत. एकामागून एक वाढायच्या पद्धतीला रशियन पद्धत म्हणत, आणि ती तिथे रुळली एकोणिसाव्या शतकात. तेव्हा एकदम वाढणं आपलं आणि ओळीने वाढणं त्यांचं, अशी वाटणी करता येत नाही. दोन्ही रिती दोन्हीकडे नांदल्या आहेत.

धूर, गोळी आणि फेस यांच्याकडे वळू. तुमच्या दह्याच्या गोळीत जादू नव्हती, समुद्री शेवाळ होतं. तपकिरी शेवाळापासून सोडियम अल्जिनेट नावाची पूड मिळते. तिचा कॅल्शियमशी संबंध आला की पातळसर पापुद्रा धरतो. दह्यात कॅल्शियम मुळातच असतं. म्हणून चमचाभर दही अल्जिनेटच्या पाण्यात अलगद सोडलं की बाहेरून पापुद्रा बनतो, आत दही पातळच राहतं, आणि दात लागला की फुटतं. आधुनिक स्वयंपाकात ही युक्ती स्पेनमधल्या 'एल बुली' या रेस्टॉरंटने गाजवली. बँकॉकमध्ये २०१० साली 'गगन' सुरू करणारे कोलकात्याचे गगन आनंद यांनी ती दह्याला लावली, आणि तो घास त्यांची ओळख होऊन बसला. त्यांनी चमचा पुढे केला तेव्हा जगाला नवल वाटलं. आपल्याला त्या मानाने कमी वाटायला हवं, कारण आंबट-तिखट पाणी कवचात भरून एका घासात फोडायची कल्पना आपल्याकडे रोज संध्याकाळी गाडीवर विकली जाते. दह्याची गोळी ही पाणीपुरीची शिकलेली धाकटी बहीण. घरात शाकाहारी कुणी असेल तर त्यांनाही सांगा, अल्जिनेट शेवाळाचं आणि चायना ग्रासही शेवाळाचं. जिलेटीन मात्र प्राण्यांपासून येतं, तेव्हा जेलीसारखं काही पुढे आलं तर विचारून घ्यावं.

फेसाचंही तेच. पत्रात तुम्ही त्याचा उल्लेख केलेला नाही, पण अकरा ताटल्यांत एखादीवर फेस असणारच. पुष्कळांना तो परदेशी चाळा वाटतो. जुन्या दिल्लीत थंडीच्या दिवसांत पहाटे 'दौलत की चाट' मिळते, ती म्हणजे घुसळलेल्या दुधाचा केशर घातलेला फेस. बनारसला त्याला मलइयो म्हणतात, लखनौला मक्खन मलाई. ऊन चढलं की तो बसतो, म्हणून थंडीचा आणि सकाळचाच धंदा. दिल्लीच्या 'इंडियन ॲक्सेंट'ने हीच दौलत की चाट पाचशेच्या खोट्या नोटांसह टेबलावर आणली. फेस जुना, त्यातला विनोद तेवढा नवा.

सासऱ्यांना जो धूर वाटला तो बहुधा धूर नव्हता. द्रवरूप नायट्रोजन उणे १९६ अंश सेल्सियसला उकळतो. तो ग्लासापाशी आला की हवेतली वाफ गोठून धुकं तयार होतं. त्याला वास नाही, चव नाही, नुसतं दृश्य. इथे एकच गोष्ट गंभीरपणे सांगतो. पेयात नायट्रोजन घातलेला असेल तर उकळणं आणि धुकं पूर्ण थांबेपर्यंत ग्लास तोंडाला लावू नये. द्रवाचा वायू होताना तो सुमारे सातशे पट फुगतो, आणि ते पोटात घडलं तर जिवावर बेतू शकतं. खरा धूर वेगळा. पेटता कोळसा वाटीत घालून भांड्यात ठेवायचा, त्यावर तूप सोडायचं आणि झाकण लावायचं. या धुंगाराची चव अन्नाला लागते. तेव्हा पुढच्या वेळी काचेच्या घंटेखाली काही धुमसत आलं तर आधी वास घ्या. वास आला तर तो धूर स्वयंपाकाचा, नाही आला तर नाटकाचा.

मग याला भारतीय का म्हणायचं? इथे 'मॉडर्न' या शब्दाने घोटाळा होतो. पास्त्यावर बटर चिकन ओतलं म्हणजे मॉडर्न इंडियन, असा समज आहे, आणि काही ठिकाणी तो खराही ठरतो. पण चांगल्या स्वयंपाकघरात उलट प्रवास चालतो. कुठल्या जिल्ह्यात कोणता तांदूळ, कुठल्या समाजात कोणती आंबट वस्तू, कुठली रानभाजी किती दिवस मिळते हे आधी शोधायचं, आणि मग मांडणी आजची करायची. दिल्लीत २००९ मध्ये मनीष मेहरोत्रा यांच्या हाताखाली 'इंडियन ॲक्सेंट' सुरू झालं. मुंबईत २०१५ मध्ये 'द बॉम्बे कँटीन' आणि २०१६ मध्ये 'मास्क' आलं. तोवर मोठ्या हॉटेलातलं भारतीय जेवण म्हणजे मुख्यतः तंदूर आणि लाल-पांढऱ्या ग्रेव्हीच होत्या. या मंडळींनी आजीच्या हातचं जेवण मोडलं, असं म्हणण्यात अर्थ नाही. त्यांनी हॉटेली पंजाबी मेन्यू मोडला.

आणि तो हॉटेली मेन्यू तरी किती जुना? बटर चिकनची कीर्ती पसरली ती फाळणीनंतर, दिल्लीच्या दर्यागंजमधल्या 'मोती महल'मधून. ते मूळ कुणाचं, यावर २०२४ साली दिल्ली उच्च न्यायालयात दावा दाखल झाला. ज्या पदार्थाच्या जन्मावरून वारसांचं भांडण कोर्टात गेलं, त्याला प्राचीन म्हणणं जरा अवघड. याहून गंमत आपल्या उपासाची. साबुदाण्याची खिचडी घ्या. आपल्याकडचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कसावा, वर शेंगदाणा, बटाटा आणि मिरची, हे चौघेही अमेरिका खंडातून आले. एकादशीच्या ताटलीत इतके परदेशी पाहुणे असताना देवाने कधी तक्रार केली नाही, तर वांग्याच्या नव्या मांडणीवर आपण तरी का करावी?

टायरवाल्यांचं खरं आहे. मिशेलिन ही फ्रान्सची टायरची कंपनी. मोटारवाल्यांनी जास्त फिरावं, म्हणजे टायर जास्त झिजतील, या धोरणी विचाराने तिने १९०० साली प्रवासाची मार्गदर्शिका काढली, आणि पुढे १९२६ पासून चांगल्या खाणावळींना तारे द्यायला सुरुवात केली. लंडनच्या 'टॅमरिंड' आणि 'झायका' या दोन भारतीय रेस्टॉरंटांना २००१ मध्ये पहिल्यांदा एकेक तारा मिळाला. दुबईच्या 'त्रेसिंद स्टुडिओ'ला २०२५ मध्ये सर्वोच्च, म्हणजे तीन तारे मिळाले. असा मान मिळवणारं ते पहिलं भारतीय रेस्टॉरंट. भारतातली रेस्टॉरंटं मात्र या मार्गदर्शिकेत अजून येत नाहीत. त्यामुळे इथल्या कुठल्या दारावर 'मिशेलिन तारांकित' असं लिहिलेलं दिसलं, तर तो तारा आचाऱ्याच्या परदेशातल्या जुन्या नोकरीचा असेल किंवा जाहिरातवाल्याच्या कल्पनेतला.

आता चार हजार रुपये. वांग्याचे चार हजार होत नाहीत, हे रेस्टॉरंटवालाही जाणतो. या धंद्यातला ढोबळ हिशेब असा, की पदार्थाच्या किमतीतला सुमारे तीस टक्के खर्च कच्च्या मालाचा असतो. उरलेल्यात भाडं, पगार, गॅस, वीज, नासधूस आणि काही राहिलाच तर नफा. खरा फरक खुर्चीत आहे. माटुंग्याच्या उडुपी खाणावळीत माणूस पंचवीस मिनिटांत जेवून उठतो, आणि त्याच्या पाठीशी पुढचा उभाच असतो. तीन तासांत एका खुर्चीवर सात जण जेवतात. तुमच्या रेस्टॉरंटात तेवढ्या वेळात एका खुर्चीवर एकच माणूस जेवला. खाणावळीत जे भाडं सात जणांनी वाटून घेतलं, ते तिथे तुमच्या सासऱ्यांनी एकट्याने भरलं. त्यात प्रत्येक घासामागे तीन-चार निरनिराळ्या तयाऱ्या, आणि त्या करायला माणसं जास्त. तेव्हा तुम्ही पैसे मोजलेत ते मुख्यतः जागेचे, वेळेचे आणि हातांचे. ते परवडतात का हा प्रश्न योग्य आहे, पण 'लुटलं' म्हणण्याआधी हा हिशेब करावा.

बिलाच्या तळाशी मात्र नजर टाकायला हवी. तुम्ही चौघं होतात असं धरू, म्हणजे सोळा हजार झाले. त्यावर दहा टक्के 'सर्व्हिस चार्ज' म्हणजे १,६०० रुपये, आणि एकूण १७,६०० वर पाच टक्के जीएसटी म्हणजे ८८० रुपये. बिल झालं १८,४८०. यातला जीएसटी हा सरकारचा कर, तो द्यावाच लागतो. बहुतेक रेस्टॉरंटांत तो पाच टक्के असतो. ज्या हॉटेलात खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर जातं, तिथल्या रेस्टॉरंटात साधारणपणे अठरा टक्के. सर्व्हिस चार्ज हा कर नाही, मालकाने लावलेली रक्कम आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलं, की तो आपोआप बिलात जोडता येणार नाही आणि ग्राहकावर सक्ती करता येणार नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २८ मार्च २०२५ रोजी या सूचना उचलून धरल्या. "हा काढा" असं शांतपणे म्हटलं तर बिल १६,८०० होतं. नाहीच ऐकलं तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक आहे. वाढणाऱ्या पोराला खुशीने काही ठेवायचं असेल तर ते त्याच्या हातात ठेवावं.

पाण्याच्या बाटलीवर मात्र वाद घालू नका. छापील किमतीपेक्षा जास्त घेतात हा गुन्हाच, असं अनेकांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये निकाल दिला, की रेस्टॉरंट नुसती बाटली विकत नाही, जागा आणि सेवाही देतं, म्हणून जास्त आकार घेता येतो. त्यावर उपाय सोपा. बसल्याबसल्या साधं पाणी मागावं.

राहता राहिली सासऱ्यांची गाठ. वेटर गोंधळला तो उद्धट म्हणून नव्हे. आपल्या पंगतीचा पाया शिलकीवर असतो. शंभर पानं असली तर यजमान सव्वाशेचं शिजवतो, कारण कमी पडणं ही नाचक्की आणि उरणं ही शोभा. आग्रह या शिलकीतून जन्मतो. भांड्यात उरलेलं असतं, म्हणून "आणखी एक जिलबी, माझ्यासाठी" म्हणता येतं. टेस्टिंग मेन्यूचा पाया मोजणीवर. टेबल राखून ठेवताना तुमच्या मुलीला किती जण, शाकाहारी किती, कशाची ॲलर्जी आहे का असं विचारलं असेल. त्या आकड्यावर वांग्याच्या फोडी तयार होतात. शिवाय प्रत्येक टेबलाचं वेळापत्रक आत भिंतीवर लावलेलं असतं, त्यामुळे एक जादा फोड द्यायची तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी ताटलीतून काढावी लागते. त्या मुलाला नकार द्यायचा जीव होईना आणि देणं हातात नव्हतं. म्हणून तो आत गेला आणि आतच राहिला. आज्यांच्या ताटातलं जवळजवळ सगळं या नव्या रेस्टॉरंटांनी घेतलं. डावी बाजू घेतली, भातांचा क्रम घेतला, फेस आणि धुंगार घेतला. आग्रह तेवढा घेता आला नाही, कारण तो मोजून शिजवता येत नाही.

एक फट मात्र आहे. अशा बहुतेक मेन्यूंत शेवटून दुसरा-तिसरा टप्पा डाळ, भात आणि कुलचा किंवा रोटीचा असतो. डाळभाताशिवाय जेवल्यासारखं वाटत नाही, हे आचाऱ्यालाही ठाऊक असतं, आणि डाळ मोजून कुणी शिजवत नाही. पुढच्या वेळी सासऱ्यांनी तिथवर धीर धरावा आणि मग त्याच सुरात म्हणावं, "जरा आणखी वाढा." या खेपेला वेटर आत जाईल आणि परत येईल, हातात वाटी घेऊन.